मार कुणाच्या घरात पडतो?

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारची यात्रा भरते. मन्मथ स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला दिंड्या बालाघाटाच्या दरीत उतरतात. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली ऊसतोड जोडपी भांडीकुंडी आणि लेकरं ट्रॅक्टरमध्ये घालून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. भाविक येतात आणि मजूर जातात, त्या दोन्हींत वेगवेगळ्या जातिधर्मांच्या बाया असतात. घरात मार खाणारी बाई या दोन्ही गर्दींत असते आणि ती कुठल्या एका जातीची नसते.

आपण मात्र तिला जातीत शोधतो. बाईला मारहाण झाल्याचं कानावर आलं, की पहिला शब्द निघतो, ‘त्या लोकांत चालतंच तसं.’ गावातले लोक तांड्याबद्दल हे बोलतात, एक आळी दुसरीबद्दल बोलते, शिकलेले अडाण्यांबद्दल बोलतात. या वाक्याने बोलणाऱ्याचं घर चौकशीतून सुटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींतल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. एवढं प्रमाण एखाद्या जमातीच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. धोका कुठे वाढतो हे पाहायचं, तर घराची परिस्थिती पाहावी लागेल.

पहिला धोका कोवळ्या वयातल्या लग्नाचा. त्याच सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी चाळिसांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आईबाप सहा महिने उसाच्या फडावर, घरी वयात आलेली पोर, तिच्या राखणीची चिंता. शिवाय जोडपं झालं की ऊसतोडीचा एक ‘कोयता’ होतो आणि उचल मिळते. शाळा सुटलेली, माहेर दूर, हातात पैसा नाही, अशी पंधरा-सोळा वर्षांची सून सासरी ‘नाही’ म्हणणार कुणाच्या बळावर?

दुसरा धोका तिच्या कमाईवर तिची सत्ता नसण्याचा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. बाई भल्या पहाटे उठून कोपीबाहेर, म्हणजे फडावरच्या झोपडीबाहेर, चूल पेटवते, भाकरी थापते, दिवसभर ऊस साळते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. हिशेब मात्र मुकादम आणि नवरा यांच्यात होतो. ती आजारी पडून काम बुडालं, तर खाडा दोघांच्या नावावर लागतो आणि त्याचा राग कोपीत तिच्यावर निघतो. २०१९ साली सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळी आणि दुखणं हा जिथे कामाचा खाडा ठरतो, तिथे बाईच्या शरीराची किंमत आधीच कमी झालेली असते. कमावती बाई आपोआप सुरक्षित होते, हा समज बीडच्या बायकांनी कधीच खोटा ठरवला आहे.

तिसरा धोका दारूचा. नवरा वारंवार पिऊन येतो अशा शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींनी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं देशपातळीवर याच सर्वेक्षणात नोंदलं गेलं. पण नवरा दारूला शिवतही नाही अशा घरांतही हे प्रमाण वीसच्या वर आहे. म्हणून ‘प्यायला होता’ हे कारण मान्य करता येत नाही. पिऊन आलेला माणूस मुकादमावर हात उगारत नाही. तो बायकोवर उगारतो, कारण तिथे आपल्याला कुणी जाब विचारणार नाही हे त्याला नशेतही कळतं.

हा जाब न विचारणं हाच सगळ्यांत मोठा धोका आहे. त्याची रूपं तेवढी समाजागणिक बदलतात. कुठे घराण्याच्या अब्रूची भीती, कुठे पंचांचा निवाडा, कुठे ‘आपल्या समाजाची बदनामी नको’ ही अल्पसंख्याकांची धास्ती. दलित बाईला तर चौकीत आपलं म्हणणं लिहून तरी घेतील का, इथपासून शंका. शेवटी सगळ्या जणी एकच ऐकतात: ‘सांभाळून घे, नांदायला जा.’

असं सांगणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे नीट पाहावं. कपिलधारला येणारा वीरशैव समाज स्त्रीलाही इष्टलिंग देतो, पाळीचा विटाळ मानत नाही आणि कौशिक राजाचा महाल सोडून निघालेल्या अक्कमहादेवीला पूजतो. मुस्लीम स्त्रीला खुल्याचा, म्हणजे स्वतःहून विवाहबंधनातून सुटका मागण्याचा, हक्क आहे. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देऊ पाहणारं हिंदू कोड बिल अडलं म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांची तसबीर इथल्या वस्त्यावस्त्यांत आहे. नवऱ्याचं घर सोडणाऱ्या बाईला आधार देण्याइतकं बळ आपल्या प्रत्येकाच्या वारशात आहे. आपण ते पूजेपुरतं ठेवतो आणि परत आलेल्या लेकीच्या वेळी विसरतो.

कायदाही हाताशी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. म्हणजे बीडच्या बाईला कोल्हापूरच्या फडावरून गावी परतण्याची वाट पाहावी लागत नाही. पण हे तिला कोपीत जाऊन कुणीतरी सांगायला हवं. गाळप सुरू असताना या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याने कारखान्याच्या तळावर फिरलं पाहिजे. कोयत्यातली तिची अर्धी मजुरी तिच्याच खात्यात पडली पाहिजे. बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. पण मांडवात अक्षता टाकायला आपण सगळे असतो, तेव्हा ती आपलीही आहे. आणि दिंडीच्या, जुम्म्याच्या, जयंतीच्या व्यासपीठावरून प्रत्येक समाजाच्या वडीलधाऱ्यांनी आपल्याच माणसांना बजावलं पाहिजे, की बायकोवर हात टाकणाऱ्याला इथे मान मिळणार नाही. दुसऱ्याच्या वस्तीकडे बोट दाखवून आजवर एकाही बाईचा मार थांबलेला नाही.