सांपडलेलें धन कोणाचें?

सिन्नर तालुक्यांत गोदाकांठीं जोगलटेंभी गांव आहे. तेथें १९०६ सालीं चांदीचीं १३,००० हून अधिक नाणीं सांपडलीं. तीं क्षत्रप नहपानाचीं असून बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारिला होता. रे. एच. आर. स्कॉट यांनीं तीं तपासून त्यांजवर लेख लिहिला. एका राजानें दुसऱ्यास जिंकिल्याची ही साक्ष सोनाराच्या मुशींत सहज वितळून गेली असती.

परदेशीं लोक सुटींत समुद्रकांठीं धातु शोधणारें यंत्र फिरवून जुनीं नाणीं व दागिने धुंडाळितात. आमच्या शेतकरी बंधूंस नांगराचा फाळ पुरे. पण सांपडलें तें कोणाचें?

रामकुंडांत यात्रेकरूनें टाकिलेला पैसा त्यानें स्वेच्छेनें सोडिला. स्नान करितांना बोटांतून निसटलेली अंगठी कोणीं सोडिली नाहीं. मोशेचें नियमशास्त्र अशी वस्तु धनी येईपर्यंत जपावयास सांगतें.

पुरातन ठेव्याचा धनी मात्र कधींच मेलेला. येथें कांहीं बंधु शेतांतील ठेव्याचा दृष्टांत पुढें करितात: त्या मनुष्यानें तो लपविला नाहीं काय? लपविला खरा, पण प्रभूनें वाखाणिला तो त्याचा आनंद, लपविणें नव्हे. शिवाय त्यानें सर्वस्व विकून शेत विकत घेतलें, हें सोयीस्करपणें विसरतात!

१८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. गरिबास कचेरीचें भय वाटतें, आणि तें अगदींच निराधार आहे असें आम्हीं म्हणत नाहीं. म्हणूनच मंडळीच्या उपदेशकानें अर्ज लिहून द्यावा व त्याजबरोबर स्वतः जावें.