साहेबांची वरात

ये. चहा नंतर. आधी तो कागद दाखव.

डिकीत आहे? कारणे दाखवा नोटीस गाडीच्या डिकीत, पंक्चरच्या सामानाशेजारी? सोमवारी हातात पडली. तीन दिवसांची मुदत. आज गुरुवार. सही करून घेतलीस आणि वाचली नाहीस. सहा वर्षं लॅबमध्ये बसून दुसऱ्यांच्या बॅचमधला दशांशाचा फरक पकडणारा माणूस तू. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय बूच काढत नाहीस. आणि स्वतःच्या पोटावर आलेला कागद वाचून घ्यायला बाईंच्या अंगणात यावं लागतं?

काय झालं ते सांगू नकोस. मीच सांगते. तू सांगशील तेव्हा त्यात 'सहज', 'जरा' आणि 'गंमत' इतक्या वेळा येईल की मूळ गोष्ट चाळणीतून गळून जाईल.

शनिवारी दुसऱ्या पाळीला प्लांट मॅनेजर लवकर निघाले. ते गेटबाहेर पडल्याची तू वॉचमनकडे चौकशी केलीस. मग त्यांच्या केबिनमधली खुर्ची आणून हँडपॅलेटवर ठेवलीस. त्यांचं पांढरं हेल्मेट डोक्यावर चढवलंस. फोनवर कुणीतरी लग्नातला बँजो लावला, त्या ठेक्यावर डावा पाय ओढत चार फेऱ्या मारल्यास, खुर्चीत बसलास, आणि ड्रमांच्या रांगांमधून साहेबांची वरात निघाली. दीड मिनिटाचा व्हिडिओ. रविवारी दुपारपर्यंत तो साहेबांच्या मुलीच्या फोनवर. शिमगा सरला, कवित्व उरलं. आणि आता तू मला विचारतोस, 'बाई, हसलो म्हणून शिक्षा? हे योग्य आहे का?'

हसलास म्हणून? खरं सांग, हसण्याबद्दल त्या कागदात एक तरी शब्द आहे का? कसा सांगणार. वाचलाच नाहीस.

गंमत, गंमत, गंमत. कुणाची गंमत? ज्याची केली तो तर तिथे नव्हता. तमाशातला सोंगाड्या राजाची पिसं काढतो, पण राजा समोर उभा असतो आणि त्याच्या तोंडी उत्तरही असतं. शिमग्याला पाटलाच्या नावानेही बोंब मारतात, पण पाटलाच्या दारात, त्याला ऐकू जाईल अशी. तू आधी साहेब गेल्याची खात्री करून घेतलीस. ज्या गोष्टीसाठी पाळत ठेवावी लागते तिला माझ्या वर्गात गंमत म्हणत नव्हते. काय म्हणत होते ते तुला आठवत असेल. दोनदा बाकावर उभा राहिलास त्यापायी.

आणि तो पाय. साहेब ऑपरेटर होते तेव्हा पायावर ड्रम आला, तरी पाळी पुरी करून मगच दवाखान्यात गेले, ही गोष्ट मला कुणी सांगितली? याच ओट्यावर बसून, डोळे मोठे करून? तूच. म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही. माहीत असून तोच पाय उचललास, कारण हशा तिथेच पिकणार होता. नक्कल चांगली केलीस म्हणे. करणारच. निरीक्षण तुझं पहिल्यापासून पक्कं. म्हणूनच तर चीड येते.

'पण तेही मला सगळ्यांदेखत मास्तर म्हणतात.' म्हणतात ना. ते वाईटच आहे. वरच्याने थट्टा केली की खालच्याला हसावं लागतं. ते हसू पगारात धरलेलं असतं. हे मी तुझ्या साहेबांना तोंडावर सांगायला तयार आहे. पण तू कधी सांगितलंस? 'साहेब, मला नावाने हाक मारा.' पाच शब्द. सहा वर्षांत तोंडातून फुटले नाहीत. वरातीचं दीड मिनिट मात्र न अडखळता सुचत गेलं. जिथे बोलायचं तिथे दातखीळ, आणि जिथे गप्प बसायचं तिथे बँजो.

सक्तीच्या हसण्याचंच म्हणशील तर, फ्रान्समध्ये एका माणसाला त्याच्या कंपनीने काढलं होतं, का तर तो कंपनीच्या मौजमजेत मिसळत नाही, दारूपार्ट्यांत रमत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. मला तो निकाल फार आवडला. मालकाच्या हुकमावर मजा करायची नाही, हा माणसाचा हक्क आहे. पुढच्या वेळी वार्षिक दिनाला एचआरने तुम्हाला लुंगी नेसवून नाचवलं तर तो निकाल आठव आणि खाली बस. तेव्हा नाचलास ना? पहिल्या रांगेत. फोटो पाहिलाय मी.

आता कायदा. तुझ्या मित्राने ग्रुपवर टाकलंय की १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली ही अनुचित कामगार प्रथा होते. वा! कलम खरंच आहे. किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, मागची नोकरी न बघता, ऐकून धक्का बसावा इतकी बेसुमार शिक्षा देऊन कामावरून काढणं, याला त्या कायद्यात अनुचित प्रथा म्हटलंय. सुरेख कलम आहे. पण बाळा, तू कामाला कुठे जातोस? पहाटे तलासरीला इकोत बसतोस, अच्छाडचा नाका मागे पडतो, भिलाड लागतं, मग सरीगाम. सरीगाम कोणत्या राज्यात आहे? रोज गुजराती पाट्या वाचतोस, शेठशी गुजरातीत बोलतोस, आणि भांडायला मात्र महाराष्ट्राचा कायदा घेऊन नाका ओलांडणार? भूगोल मीच शिकवला होता तुला. लाज मलाच वाटायला हवी.

शिवाय ते कलम नोकरीवरून काढण्याबद्दल आहे. तुला काढलंय का? इकडे आण तो कागद. 'चार दिवस बिनपगारी निलंबित का करू नये याचा खुलासा करावा.' वाच. मोठ्याने वाच. खुलासा करावा. तुला विचारलंय त्यांनी. विचारलंय!

हा चार दिवसांचा आकडा साहेबांनी रागाच्या भरात काढलेला नाही. केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांत गैरवर्तनासाठी एका वेळचं निलंबन जास्तीत जास्त चार दिवसांचं ठेवलं होतं. कंपन्यांच्या नियमांत तो तिथून उतरला. थट्टामस्करी असा शब्द त्या यादीत नाही. आहे ते 'शिस्तीला बाध आणणारं कृत्य'. ते एक पोतं आहे. त्यात काहीही मावतं, आणि पोत्याचं तोंड मालकाच्या हातात असतं. याचा मला तुझ्याइतकाच राग आहे. पण म्हणून तर उत्तर लिहायचं असतं! पोत्यात काय घातलंय ते बाहेर काढून दाखवायची एकच संधी मिळते, आणि ती तू पंक्चरच्या सोल्यूशनशेजारी ठेवलीस.

न्यायालयं काय तोलतात ते ऐक. उत्तर प्रदेशातला एक कामगार वरिष्ठाला नको ते बोलला, धमकावणीच्या सुरात. बडतर्फ झाला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची आधीची स्वच्छ नोकरी पाहिली, बडतर्फी रद्द केली, परत कामावर घ्यायला लावलं आणि दोन वेतनवाढी रोखल्या. मोकळा सोडला नाही, संपवलाही नाही. दुसरं प्रकरण महिंद्र अँड महिंद्रचं, २००५ चं. कामगाराने वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्या, एकदा नव्हे दोनदा, हाताखालच्या माणसांदेखत. तिथे बडतर्फी कायम राहिली. शिक्षा गुन्ह्याच्या मापाची आहे का हे तपासून ती बदलण्याचा अधिकार औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ साली घातलेल्या ११-अ कलमाने दिला, त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेनेही तो ठेवलाय. ही संहिता केंद्राची, नाक्यापलीकडेही चालते. पण तो अधिकारही बडतर्फीपुरता. चार दिवसांसाठी ते कलम नाही. चार दिवसांसाठी फक्त हा कागद आहे आणि तुझं पेन.

माझं मत हवंय? नकलेसाठी मी तुझा एक दिवसही कापला नसता. साहेबांसमोर उभं करून माफी मागायला लावली असती आणि मग साहेबांनाही 'मास्तर' बंद करायला सांगितलं असतं. पण हँडपॅलेटसाठी चारही दिवस कापले असते. त्याचा तर तू उच्चारही करत नाहीस! कारखाना अधिनियमाच्या १११ व्या कलमात काय होतं ते काढून बघ. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं कामगाराने जाणूनबुजून काही करायचं नाही. भरल्या ड्रमांच्या रांगेतून तुला बसवून गाडी पळवली. हातभर अंतरावर सॉल्व्हंट. बोईसर-तारापूरच्या स्फोटाची बातमी आली की मला फोन करून 'बाई, हलगर्जीपणा हो, दुसरं काय' असं कोण म्हणतं? दुसऱ्याच्या कारखान्यात हलगर्जीपणा, तुझ्या कारखान्यात गंमत?

आणि फोनवर काल झरीचं नाव काढलंस. 'आमच्या आज्यांनी सावकारासमोर मान वर केली, आम्ही साहेबाची नक्कलपण करायची नाही का?' रात्रभर झोंबलं मला ते. २३ मे १९४५. झरी तुझ्या घरापासून कितीसं लांब? हजारो वारली जमले. वेठ करणार नाही म्हणाले. बारा आणे रोज रोख मिळाल्याशिवाय सावकाराच्या खाजगी जमिनीवर पाऊल टाकणार नाही म्हणाले. नक्कल नाही केली त्यांनी सावकाराची. अटी सांगितल्या. दिवसाढवळ्या. सावकार घरी आहे की नाही याची चौकशी करून नव्हे. त्यांना कुणी 'तीन दिवसांत लेखी खुलासा करावा' असं विचारलं नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात थेट गोळ्या आल्या. शिक्षेआधी माणसाला विचारायचं, ही रीत फुकट आलेली नाही. स्थायी आदेशांचा कायदा १९४६ चा. झरीच्या पुढच्याच वर्षाचा. झरीमुळे झाला असं मी म्हणत नाही, पण तशी कित्येक माणसं तशाच कित्येक ठिकाणी उभी राहिली तेव्हा कुठे असले कागद निघायला लागले. त्या लढ्यातल्या गोदावरीबाईंचं नाव लावलेल्या कॉलेजातून तू बी.एस्सी. झालास. त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' दहावीला मीच दिलं होतं तुला. उघडलंस का कधी?

मान खाली घालू नकोस. अजून मुद्द्याचं राहिलंय.

हँडपॅलेट कुणी ढकललं?

छोटू. आत्ता का आवाज गेला? ठेकेदाराचा पोरगा, सहा महिने झाले त्याला लागून. ढकलायला कुणी सांगितलं? तू. व्हिडिओ कुणी काढला? तुझ्या मित्राने. त्या पोराने काय केलं? मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून ढकललं आणि सगळे हसले म्हणून हसला. त्याला रविवारी संध्याकाळी फोन आला, उद्यापासून येऊ नको. संपलं. सही नाही, मुदत नाही, चार दिवस नाहीत. तुला कारणे दाखवा. त्याला कुणी कारणही दाखवलं नाही. हे मला कुणाकडून कळलं? तुझ्याकडून नव्हे. अर्धा तास फोनवर स्वतःच्या चार दिवसांचं रडगाणं गायलास, त्यात त्या पोराचं नाव आलं नाही. न्याय-अन्यायाची एवढी चाड आहे ना तुला? मग तुझ्या शेजारी घडलेला अन्याय दिसला कसा नाही? की दिसला आणि म्हणूनच स्वतःच्या चार दिवसांचा एवढा गलका केलास?

साहेब दुष्ट, एचआर दुष्ट, कायदा पलीकडच्या राज्यातला. नाचता येईना, अंगण वाकडं. त्या पोराची नोकरी तुझ्या साहेबांनी नाही घालवली रे. ठेकेदाराने घालवली, तुझ्या हौसेपायी.

तर आता लिहायचं. इथे बसून, आज रात्री. उद्या पहिल्या इकोने जाऊन हातात द्यायचं आणि पोच घ्यायची. मुदत आज संपते, म्हणजे उत्तर वरातीमागून घोडंच आहे. उशीर झाला हे पहिल्याच ओळीत कबूल कर. 'अनवधानाने' लिहायचं नाही. 'भावना दुखावल्या असल्यास' लिहिलंस तर कागद फाडीन. दुखावल्या. असल्यास काय? काय केलं ते लिही, पायाचं लिही, हँडपॅलेटचं लिही. सहा वर्षांत एकही मेमो नाही, तेही लिही, लाजू नकोस, तो तुझा हक्क आहे. 'मास्तर'बद्दल एक ओळ लिही, सभ्य शब्दांत. आणि ढकलायला मी सांगितलं, त्याचा दोष नाही, त्याला परत घ्या, हे स्वतंत्र परिच्छेदात, त्याच्या पूर्ण नावानिशी. छोटू नव्हे. हजेरीपटावर असतं ते नाव.

काय?

माहीत नाही?

सहा महिने त्याच्या हातचा चहा प्यायलास. उधव्याचा आहे एवढं ठाऊक आहे. पाडा कुठला? तेही नाही.

उचल ती किल्ली. अजून तासभर उजेड आहे. उधव्याला जा, घर शोध, त्याच्या आईसमोर नाव विचार. का विचारतोयस तेही सांग तिला. कोरे कागद मी इथे काढून ठेवते. चहा परत आल्यावर.