वरणाआधीची गोळी

आप्पाकाकांना कंपवात आहे. दुपारी ताट वाढलेलं असतं, वरणाच्या वाटीवर झाकण, आणि काकू घड्याळाकडे बघत बसलेल्या. डॉक्टरांनी बजावलंय, आधी गोळी, अर्ध्या तासानं जेवण. काका वैतागतात, ‘‘डाळीनं गोळीचं काय घोडं मारलंय?’’

उत्तर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांपाशी सापडतं. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या भिंतीतून पुष्कळ काही झिरपतं; मेंदूत मात्र त्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना शिवल्यासारख्या घट्ट असतात. 1885 मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला. बाकीचे अवयव रंगले, मेंदू कोरा. मेंदू रंग धरतच नसावा, असं त्यांना वाटलं. त्यांचे शिष्य गोल्डमान यांनी 1913 मध्ये रंग मेंदूभोवतीच्या द्रवातच सोडला, तर मेंदू निळा आणि बाकी शरीर कोरं!

या भिंतीला आपण ‘अडथळा’ म्हणतो. मला तो शब्द जरा कृतघ्न वाटतो. घराच्या उंबऱ्याला कुणी अडथळा म्हणतं का?

कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडतं. ते रक्तातून द्यावं, तर उंबऱ्याशीच अडतं. काकांच्या गोळीत असतं ते त्याचं कच्चं रूप, लेव्होडोपा (खाजकुयलीच्या बियांतही तो असतो). तो मात्र आत जातो, कारण तो अमिनो आम्ल आहे आणि अमिनो आम्लांना आत नेणारे वाहक भिंतीतच आहेत. औषधाला इथं अन्नाच्या रांगेतून जावं लागतं. डाळीतली अमिनो आम्लंही आधी आतड्यात आणि मग मेंदूपाशी त्याच रांगेत घुसतात. हे काकांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘म्हणजे गोळीला पहिल्या पंगतीला बसवायचं!’’

त्याच गोळीत कार्बिडोपाही असतो. लेव्होडोपाचं बाहेरच डोपामिन होऊन तो वाया जाऊ नये, मळमळू नये, ही त्याची कामगिरी. मेंदूत त्याला शिरकाव नाही, म्हणून तिथलं रूपांतर बिनघोर चालतं. ज्या भिंतीनं डोपामिनला अडवलं, तिच्याच भरवशावर हे दुसरं औषध उभं आहे.

अल्ट्रासाउंड आणि रक्तात सोडलेले सूक्ष्म बुडबुडे यांनी ही भिंत काही तास सैल करता येते. टोरांटोत 2015 मध्ये मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर हा प्रयोग झाला. केमो गाठीपर्यंत पोचतच नसेल, तर ही घुसखोरी मला पटते. पण काकांची गोळी रोजची, दिवसातून चारदा. तिच्यासाठी दर वेळी भिंत कोण सैल करणार?

अर्धा तास झाला. काकू झाकण काढतात. काका वाटी स्वतः उचलतात. थोडं वरण ताटात सांडतं, बाकीचं भातावर पडतं.