पादेलोण

घाटकोपरच्या खाऊगल्लीतला फळवाला कलिंगडाच्या फोडींवर चिमूटभर काळं मीठ भुरभुरतो. या मिठाचं अस्सल मराठी नाव पादेलोण. ज्या पूर्वजानं हे बारसं केलं त्याच्या नाकाला आणि निर्भीडपणाला दाद द्यायला हवी, कारण रसायनशास्त्रानं पुढे त्याचंच म्हणणं खरं ठरवलं. त्या वासात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि खड्याच्या काळेपणात लोहाचं सल्फाइड. संध्याकाळी खाडीवरचं वारं फिरलं की हाच वायू कांजूर-भांडुपच्या पट्ट्यात लोकलच्या डब्यात शिरतो. मग तासाभरापूर्वी ‘और थोडा डालो’ म्हणणारा माणूस नाकाला रुमाल लावतो. मीही त्यातलाच.

गंधकाला लोखंडाची ओढ फार. अंडं विसरून जास्त उकडलं गेलं तर बलकाभोवती हिरवट-काळी कड धरते. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोखंड सीमेवर भेटले, एवढाच त्याचा अर्थ. भेट झाली की वास संपतो, काळा रंग उरतो. मैलापाण्याचा गाळ काळाभोर दिसतो तोही बराचसा याच भेटीमुळे.

हा गाळ बंद टाकीत, हवेवाचून, साधारण 35 अंशांवर पंधरा-वीस दिवस मुरवला की त्यातून मिथेन निघतो आणि त्यावर इंजिन चालतं. पण त्याच अंधारात आणखी एक जमात नांदते. प्राणवायू संपला की हे जिवाणू सल्फेटवर श्वास घेतात आणि उच्छ्वासात सल्फाइड सोडतात. मुंबईत तर सल्फेटला तोटा नाही. भरतीचं पाणी किनाऱ्याजवळच्या वाहिन्यांच्या सांध्यांतून आत मुरतं, आणि लिटरभर समुद्रपाण्यात सल्फेट अडीच ग्रॅमहून जास्त. वाहिनीत हा वायू वर चढतो, छताच्या ओलीत विरतो, तिथे दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीट ओल्या पिठासारखं बोटानं निघू लागतं. गंमत अशी की जिथून मैला वाहतो तो तळ पुष्कळदा शाबूत असतो. झिजतं ते छत, ज्याला मैलापाणी कधी शिवलंच नाही. या झिजेमागचा जिवाणू मेलबर्नमध्ये पार्कर या संशोधकानं 1945 मध्ये दाखवून दिला.

मैल्यातून निघणारा जळाऊ वायू, तो मिथेन, मुंबईला नवा नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्ये मैल्याच्या टाकीतला वायू धरून त्यावर दिवे लावले होते. हा आश्रम 1890 मध्ये काढला तो पालिकेचे आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी. हे तेच अ‍ॅकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शालिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून छापले. शाहिरांचे शब्द आणि गावानं टाकलेली माणसं, दोन्ही गोळा करणारा हा साहेब. त्याच्या आश्रमाच्या मैल्यानं उजेड द्यावा, हे मला मुंबईच्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठं वाटतं.

पुढची कथा उपनगरातली. 1960 च्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगानं जशभाई पटेलांचा गोबरगॅसचा आराखडा उचलला. बोरिवलीच्या कोरा केंद्रात त्याचं काम चाले. त्या संयंत्रावर लोखंडी पिंप पालथं तरंगतं, वायू भरला की वर येतं, वापरला की खाली बसतं. हे पिंपच त्याचं दुखणं. रबडीत बुडणारा आणि हवेत येणारा पट्टा आधी गंजायचा, म्हणून दर वर्षी रंग काढा. शेतकऱ्याला गॅस फुकट आणि रंग विकत. पुढे फायबरची पिंपं आली, दीनबंधूसारखे विटांचे घुमट आले. गंधकाच्या वाटेत लोखंडच नको, हा एक मार्ग.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: लोखंड आधीच देऊन टाका. गाळात फेरिक क्लोराइड सोडतात. गंधक इंजिनाच्या लोखंडापर्यंत पोचण्याआधी त्याला वाटेतच लोखंड मिळतं, दोघं काळा साका होऊन गाळात बसतात. वेशीवर उतारा ठेवतात ना, दहीभात-लिंबू, तिथेच घे आणि घरात येऊ नकोस म्हणून. तसा हा उतारा. कागदावरचा हिशेब एक किलो गंधकाला पावणेदोन किलो लोखंड असा आहे. प्रत्यक्षात जास्त लागतं, कारण गाळातला फॉस्फेट मधल्यामध्ये हात मारतो. पूर्वी शाईत घालत तो हिराकस इथे तितकासा चालत नाही. त्यात लोखंडासोबत सल्फेटही येतो, म्हणजे उताऱ्याबरोबर भुतालाही घेऊन आल्यासारखं.

आणि हे औषध स्वतः काही साधं नाही. कॉलेजात असताना सर्किटचं तांबं खरवडायला मी लॅमिंग्टन रोडवरून फेरिक क्लोराइडची पुडी आणली होती. मोरीत प्लास्टिकच्या घमेल्यात ते पाणी केलं, सांडलं, आणि फरशीवर विटकरी डाग पडला. आईनं आधी चिंच, मग लिंबू, मग मला घासून पाहिलं. डाग गेला नाही. मोरीच्या लोखंडी जाळीवर थेंब उडाले होते, तिथे आठवड्यात खड्डे दिसू लागले. लोखंड वाचवणारं हे द्रव लोखंडाच्या टाकीत ठेवता येत नाही, त्याला प्लास्टिकची किंवा रबराचं अस्तर लावलेली टाकी लागते.

चुना घालून किंवा नायट्रेट देऊनही वास आवरतात. सुगंधी फवारा मात्र मला पटत नाही. त्यात वायू तसाच राहतो, फक्त नाकाची समजूत काढली जाते. आणि या बाबतीत नाक आधीच भोळं आहे. हवेच्या अब्ज भागांत काही भाग असला तरी त्याला हा वायू कळतो, पण दहा लाखांत शंभराच्या पुढे गेला की घ्राणच बधिर होतं. वास गेला असं वाटतं तेव्हा माणूस मरणाच्या दारात असतो. गटारात उतरलेले कितीतरी कामगार असे गेले. मैला हातानं उपसायला लावू नये, असं सांगणारा कायदा 2013 मध्ये झाला, त्यानंतरही गेले.

19 जानेवारी 2023 ला मुंबईत सात मलजल प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं. त्यांत घाटकोपरचं रोजचं 33.7 कोटी लिटरचं, भांडुपचं 21.5 कोटींचं. एवढं पाणी म्हणजे गाळ आलाच. अशाच एका केंद्रावर काम करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना मी विचारलं, “तुम्हाला दिवसभर वास सहन होतो?”

“कसला वास?” ते म्हणाले. मग छातीवरच्या खिशाला अडकवलेलं काडेपेटीएवढं यंत्र त्यांनी दाखवलं. “हा वायू दहा लाखांत दहा भाग झाला की शिट्टी मारतं. मी याचंच ऐकतो.”

आम्ही कलिंगड खात उभे होतो. यंत्र गप्प होतं. त्यांनी फळवाल्याकडे आणखी थोडं पादेलोण मागितलं.