चार दिवसांत सगळे तलाव म्हणे!

बसा. उभं करायचं वय राहिलं नाही तुमचं, नाहीतर केलं असतं. हा कागद कोणी केला, ते आधी सांगा. ‘मे महिन्याचा दुसरा आठवडा. चार दिवस. नैनिताल, भीमताल, सातताल, नौकुचियाताल, वाटेत कैंची धाम, जमल्यास मुक्तेश्वर.’ आणि खाली टीप काय, तर ‘उन्हाळ्यात बर्फ वितळत असल्यामुळे तलाव तुडुंब असतील.’ भूगोल मी शिकवला, हे कृपा करून चारचौघांत बोलू नका.

कुमाऊंच्या या तलावांच्या डोक्यावर कुठली हिमनदी आहे रे? हिमालय म्हटला की बर्फ, एवढंच डोक्यात शिरलं? नैनितालचा तलाव १,९३८ मीटरवर, भ्रंशरेषेवर तयार झालेल्या खळग्यात आहे. त्याला पाणी मिळतं ते पावसाचं आणि झऱ्यांचं. वरच्या अंगाला सूखाताल आहे. पावसाळ्यात भरतो, मग आटतो, आणि तिथं मुरलेलं पाणी जमिनीखालून नैनितालच्या तलावात उतरतं. त्या सूखातालवर लोकांनी भराव टाकले, घरं उठवली. पाऊस पडून गेला की पुढचे सगळे महिने साठा उतरत जातो. २०१७च्या उन्हाळ्यात तर पाणी इतकं खाली गेलं होतं की काठाचा गाळ उघडा पडला. अख्खं नैनिताल शहर हेच पाणी पितं. म्हणजे तलाव सगळ्यात रिकामा असताना तुम्ही बारा जण तिथं जाणार, दिवसातून दोनदा अंघोळ करणार आणि वर तक्रार करणार, की फोटोत होता तसा नाही.

हं, मागच्या बाकावरून आवाज आला! ‘मग सर, ऑगस्टात जाऊ.’ जा की. १८ सप्टेंबर १८८० रोजी सततच्या पावसानं नैनितालचा एक कडा खाली आला आणि १५१ माणसं गेली. मल्लीतालचं जे सपाट मैदान आहे, फ्लॅट्स म्हणतात त्याला, ते वाढलं ते त्या दरडीच्या ढिगाऱ्यानं. इंग्रजांनी नंतर डोंगरउतारावर नाल्यांचं जाळं बांधलं, ते काही हौस म्हणून नव्हे. भर पावसाळ्यात त्या घाटातून मुलंबाळं घेऊन जायचं नाही. विषय संपला.

आता हा मार्ग बघा. दिल्लीहून टॅक्सीनं थेट नैनिताल, तेही शनिवारी! त्या दिवशी अर्धी दिल्ली त्याच रस्त्यावर असते. काठगोदामपर्यंत रेल्वे आहे, रात्रीची आहे, दिवसाची शताब्दी आहे. वेळापत्रक उघडायला हात दुखतात का? काठगोदामच्या पुढे राणीबागेपासून भीमतालचा रस्ता फुटतो. भीमताल नैनितालपेक्षा साडेपाचशे मीटरहून जास्त खाली आहे. खालचे तलाव आधी बघून मग वर चढायचं, हे पाचवीतल्या पोरालाही नकाशावर दिसेल. तुम्ही आधी वर चढणार, मग खाली येणार, पुन्हा वर जाणार. हे नियोजन नव्हे, विहिरीचा रहाट आहे.

आणि नौकुचियातालला किती वेळ दिलाय? ‘चाळीस मिनिटं, बोटिंगसह.’ शाबास! नऊ कोपऱ्यांचा तलाव आहे तो, या सगळ्यांत खोल. तिथले लोक म्हणतात, नऊही कोपरे एकदम दिसले तर माणसाला मोक्ष मिळतो. तुमच्या मोक्षाची काळजी नको. चाळीस मिनिटांत तुम्हाला एक कोपरा आणि चहाची टपरी दिसेल. भीमतालच्या टोकाला इंग्रजांच्या काळातलं दगडी धरण आहे, खालच्या भाबर पट्ट्यातल्या शेतीला पाणी देण्यासाठी बांधलेलं. त्याच्यावर पायी जायचं कागदात कुठंच नाही. साततालच्या बांज-चीडच्या जंगलात पक्षी बघायला लोक पहाटे उठून जातात. तुम्ही पोहोचणार दुपारी साडेबाराला! त्या वेळी पक्षीही झोपलेले असतात, ते तुमच्यासाठी जागे राहणार आहेत का?

कैंची धाम काढून टाका. श्रद्धा असेल तर वेगळे जा, आठवड्यातल्या मधल्या दिवशी आणि १५ जूनचा मेळा सोडून. भवालीच्या त्या अरुंद रस्त्यावर तासन् तास गाडीत बसून कोणाचं भलं झालेलं मी ऐकलेलं नाही. मुक्तेश्वरही काढा. ‘जमल्यास’ हा शब्द ज्या कागदावर असतो तिथं काहीच जमत नाही.

लिहून घ्या. दिवाळीची सुट्टी धरा, पाऊस संपलेला असतो आणि तलाव भरलेले. तीन रात्री भीमताल किंवा नौकुचियाताल, तिथून सातताल. मग दोन रात्री नैनिताल, तल्लीतालपासून मल्लीतालपर्यंत मॉल रोडनं पायी, गाडीशिवाय. स्वेटर सगळ्यांचे. मेची तिकिटं काढली असतील तर रद्द करा; पैसे कापले जातील, जाऊ देत. नवा कागद मला गुरुवारी संध्याकाळी दाखवायचा, आणि या वेळी नकाशा समोर ठेवून.