पडीक कोणासाठी?

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही काही मित्र सासवडच्या पुढच्या एका माळावर झाडं लावायला गेलो होतो. ग्लिरिसिडियाची रोपं, एकसारख्या टोप्या, फोटो. काठीवर हनुवटी टेकवून उभ्या असलेल्या एका धनगरमामांनी विचारलं, "हितं झाडं झाल्यावर मेंढरं कुठं न्यायची?" मी म्हणालो, "मामा, ही जमीन पडीकच आहे की." ते नुसते हसले.

त्या शब्दाची मला पुढे लाज वाटली. पडीक हे सातबाऱ्याच्या नजरेनं. माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. कमी पाऊस, मुरमाड जमीन, कुसळी-पवन्यासारखी गवतं, मधूनच एखादा हिवर किंवा बोर: हे आफ्रिकेतल्या सॅव्हानाचं भावंड आहे. चंडोल, धाविक, चिंकारा, लांडगा यांना उघडा माळच लागतो. तिथं दाट झाडी लावणं म्हणजे त्यांना घराबाहेर काढणं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. धनगर आणि लांडगा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आलेत, असं भाषणात सांगू लागलो. खोटं नाही ते. पण हे म्हणायला माझं काय जातं? रात्री वाघरीत शिरून लांडगा मेंढी नेतो ती मामांची. सरकारी भरपाई आहे, पण पंचनाम्यासाठी थांबायचं कुठं? वाडा तर सकाळी उठतो. सहजीवनाचा हप्ता ते भरतात आणि लांडग्याचा फोटो माझ्या भिंतीवर लागतो.

१९७९मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात लोकांची शेतं होती, गावं होती. पुढे ते सुमारे १,२२२वर आणावं लागलं. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्याला एकच कारण नाही. पण ज्यांच्या बांधावर तो पक्षी फिरायचा, त्यांना न विचारता त्याला वाचवता येईल असं कुणाला का वाटावं?

अर्थात सगळं मामांवर सोपवूनही सुटका नाही. उद्या ते म्हणाले, "लांडगा नको," तर? लांडग्याला ग्रामसभेत हात वर करता येत नाही. त्याची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी. फक्त ती मांडणाऱ्यानं मेलेल्या मेंढीचे पैसेही मोजावेत, त्याच आठवड्यात, असं मला वाटतं. आणि मामांच्या मुलानं मेंढरं सोडायची ठरवली, तर माळ टिकावा म्हणून त्याला थांबवण्याचा हक्क मला नाही. इथं माझा युक्तिवाद अडतो.

गेल्या वर्षी मामा पुन्हा भेटले. मुलगा एमआयडीसीत लागलाय. आमची झाडं चांगली डोक्याच्या वर गेलीत. "जगली म्हणायची," मी ओशाळून म्हणालो.

"जगली की," मामा म्हणाले. "मेंढरू तोंड लावंना त्याला."