ठेका कुणी धरायचा?

स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बंधन नको म्हणजे नको. दुसरा म्हणतो, बंधन सुटले की माणूस बेताल झालाच म्हणून समजा. हा 'बेताल' शब्द नीतीच्या भाषेत संगीतातून आला आहे. तेव्हा प्रश्नाची तपासणी संगीतातच करावी, असे आम्हाला वाटते. उदाहरण मात्र आपल्या बैठकीचे न घेता जॅझचे घेतो.

जॅझ म्हटले की आमच्या वाचकांना दारू, धूर आणि परक्या शहरांतील रात्री आठवतील. ते अगदीच खोटे नाही. पण त्याच अमेरिकेत १९४०-५०च्या दशकांत अनेक कृष्णवर्णीय वादकांनी इस्लाम स्वीकारला, हेही तितकेच खरे. पियानोवादक अहमद जमाल (१९३०-२०२३) त्यांपैकी एक. पियानो, बास आणि ड्रम अशा तिघांच्या संचाची त्यांची १९५८ची शिकागोतील ध्वनिमुद्रिका शंभराहून अधिक आठवडे खपाच्या यादीत राहिली. पुढे त्यांनी शिकागोतच 'अल्हम्ब्रा' नावाचे उपाहारगृह काढले. तिथे दारू मिळत नसे. १९६१ साली ते बंद पडले. (हा झाला धंद्याचा हिशेब, नीतीचा निकाल नव्हे.) जमाल यांचे मोठेपण त्यांच्या न वाजवण्यात होते. ते मध्येच हात उचलून जागा मोकळी सोडत आणि त्या जागेत बासवरचे इस्रायल क्रॉस्बी व ड्रमवरचे व्हर्नेल फूर्निए ऐकू येत. स्वतः गप्प राहून दुसऱ्याला बोलू देणे ही साधी गोष्ट नाही. आपल्या सभा-संमेलनांत ती किती दिसते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

पण जमाल यांच्या वादनाला चौकट होती. गाणे ठरलेले, त्याची स्वररचना ठरलेली. आपल्या आवर्तनासारखी ती फिरून फिरून येते, बास तिचा पाया सांगतो आणि ड्रम काळ मोजतो. खरी परीक्षा ही चौकटच काढून टाकली तर होते. ख्यालात बढत कितीही मोकळी असली तरी राग ठरलेला असतो, तबलजी ठेका धरून असतो, समेवर भेटायचे हे दोघांना ठाऊक असते. सम कुठे आहे हेच कुणाला माहीत नसेल तर?

कीथ जॅरेट (पियानो), गॅरी पीकॉक (बास) आणि जॅक डीजॉनेट (ड्रम) या तिघांनी जुलै २००० मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हेच केले. बरेचसे वादन काहीही न ठरवता झाले. 'इनसाइड आउट' या नावाने ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. पियानोवर एखादा तुकडा उमटतो. बास तो उचलील, सोडून देईल किंवा खालचा एकच सूर धरून बसेल. डीजॉनेट स्वतः पियानोही वाजवत असल्यामुळे त्यांचे ड्रम नुसते मोजत नाहीत, बोलतात. कुणाचा हुकूम नाही, कुणाचे बहुमत नाही. तरी मध्येच एक लय जमते, तिघेही तिच्यात शिरतात आणि थोड्या वेळाने ती सुटते. काही ठिकाणी वादन रेंगाळते, वाट सापडत नाही. आम्हाला ते रेंगाळणेही खरे वाटते, कारण शोधत असल्याचे सोंग आणणारा माणूस सहसा अडखळत नाही.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. हे तिघे १९८३ पासून एकत्र वाजवत होते, आणि तेही बहुतांशी दुसऱ्यांची जुनी गाणी. म्हणजे सतरा वर्षांचा परंपरेचा रियाज पाठीशी होता. पण 'आधी परंपरा पचवा, मग मोकळे व्हा' असा सोयीचा उपदेश यातून काढायला आम्ही तयार नाही. असा उपदेश करणारे 'मग' कधी येऊच देत नाहीत. शिवाय केवळ रियाजाने हे होत नाही, रियाजी माणसेही आपल्याच सवयींचे कैदी होतात. या तिघांत आणखी काही होते. एकाने टाकलेला सूर दुसऱ्याने अमानतीसारखा सांभाळला, आणि सांभाळणे म्हणजे मान डोलावणे असे मात्र मानले नाही. विरोधही केला, पण समोरचा काय म्हणतो ते पुरते ऐकल्यावर. ठेका कुणी एकाने धरला नव्हता, म्हणून तो सुटल्याचा दोषही एकट्याच्या माथी मारता येत नव्हता. जबाबदारी वाटली गेल्याने ती कमी झाली नाही, प्रत्येकावर पुरती राहिली.

इथवर सारे छान आहे. अडचण पुढे आहे. याच संचाच्या २००७ मधील कार्यक्रमात, इटलीतील पेरूजा येथे, छायाचित्रे काढणाऱ्या श्रोत्यांना जॅरेट यांनी मंचावरूनच शिव्या दिल्या. दोन साथीदारांचा श्वाससुद्धा ऐकणाऱ्या माणसाला समोरचे हजारो लोक नकोसे झाले होते. कलेतील सद्गुण आयुष्यात आपोआप उतरतो, असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. आम्हाला ते देता येत नाही. मंचावरची ती समज जॅरेट यांच्या ठायी खरीच होती, एवढे म्हणू. पण तिची हद्द मंचाच्या कडेला संपत होती. आपापल्या मोहल्ल्यात, आपापल्या जमातीत अत्यंत समजूतदार असलेली माणसे हद्दीबाहेर कशी वागतात, हे आपण पाहतोच. आपल्या तिघांत मोकळे होणे जमते. चौथा आला की काय करायचे?

२०१४ नंतर हा संच एकत्र वाजला नाही. २०१८ मध्ये जॅरेट यांना पक्षाघाताचे दोन झटके आले आणि त्यांची डावी बाजू अधू झाली. पीकॉक २०२० मध्ये वारले. लंडनची ती ध्वनिमुद्रिका आता ऐकली की पुढचा सूर आपल्याला आधीच ठाऊक असतो, वाजवताना त्या तिघांना तो ठाऊक नव्हता. तिच्या शेवटी, एवढ्या मोकळ्या भटकंतीनंतर, एक जुने, सर्वांना माहीत असलेले प्रेमगीत येते.